बाण हलेनासा झाला म्हणजे

गावातल्या शाळेत एकच लॅपटॉप असावा, तोही सात-आठ वर्षांचा. यू-डायसची माहिती भरण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली असावी. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावरचा बाण जागचा हलू नये, असा प्रसंग आपल्यातल्या पुष्कळ शिक्षकांवर आलेला असेल. गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणांवर तर तो येतोच येतो. अशा वेळी माणूस काय करतो? प्रथम बोट जोराने घासतो. मग अंगठ्याने दाबतो. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबतो. शेवटी शेजारचा कोणी तरी सांगतो, "गुरुजी, म्हातारा झाला तो आता. नवा घ्या."

जोराने दाबणे आणि एकदम नवा घेणे, या दोन्ही गोष्टी करण्याआधी जरा थांबावे, असे मला आज सांगायचे आहे. पहिलीत धोका असू शकतो आणि दुसरीत बहुधा पैशाची नासाडी असते.

कीबोर्डच्या खालच्या अंगाला जी गुळगुळीत चौकोनी पाटी असते तिला कोणी टचपॅड म्हणतात, कोणी ट्रॅकपॅड म्हणतात. वस्तू एकच. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली लोकांसमोर माऊस चालवून दाखवला. पण मांडीवर घेऊन बसायच्या यंत्राला माऊस कुठे ठेवणार? म्हणून आधी काही लॅपटॉपांत बोटाने फिरवायचा एक लहानसा गोळा बसवीत. तो गोळा धूळ आणि मळ खाई, मग अडखळे. १९९४ साली ॲपल कंपनीने आपल्या पॉवरबुक ५०० या लॅपटॉपांत गोळ्याच्या जागी ही पाटी बसवली, आणि पुढे तिचीच चाल पडली.

आता ही पाटी बोट कसे ओळखते ते पाहू, कारण ते कळले म्हणजे निम्मा उलगडा होतो. तिच्या पृष्ठभागाखाली धातूच्या अतिशय बारीक पट्ट्या, चटईच्या विणीसारख्या, आडव्या-उभ्या घातलेल्या असतात आणि त्यांवर अगदी थोडा विद्युत्भार खेळता ठेवलेला असतो. आपले शरीर विजेचे वाहक आहे. बोट जवळ आले की त्या जागच्या भारात किंचित फरक पडतो. आतली चिप तो फरक सेकंदाला कितीतरी वेळा मोजते आणि बोट कोठून कोठे गेले हे ठरवते. खात्री करायची असेल तर एखाद्या सुक्या लाकडी काडीचे टोक पाटीवर फिरवून पाहा. कितीही रेटा, बाण ढिम्म हलणार नाही. म्हणजे बाण सरकवायला जोर लागतच नाही. जो बाण हलक्या बोटाने सरकत नाही तो जोराच्या बोटानेही सरकायचा नाही.

जोर लागतो तो फक्त 'टक्' करण्यासाठी. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांत डाव्या-उजव्या बाजूची वेगळी बटणे नसतात. सबंध पाटीच खाली दबते. पाटी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि खालच्या, म्हणजे आपल्या पोटाकडच्या कडेला, तिच्याखाली एक लहानशी कळ असते. म्हणून वरच्या भागात दाबले तर टक् होत नाही. तो बिघाड नव्हे, ती रचनाच तशी आहे. ॲपलच्या २०१५ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपांत तर पाटी दबतच नाही; आतले एक यंत्र किंचित थरथर देऊन टक् झाल्याचा भास करून देते. असा लॅपटॉप बंद असताना दाबून पाहिला तर माणसाला वाटते की पाटी मेली!

तेव्हा तक्रारी दोन आहेत. एक, बाण सरकत नाही किंवा वेड्यासारखा उड्या मारतो. दुसरी, बाण सरकतो पण टक् होत नाही, किंवा पाटी एकाएकी ताठ झाली आहे. हे दोन वेगळे रोग आहेत, आणि दुसरा मी आधी घेतो, कारण त्यात जिवाशी गाठ पडू शकते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत लॅपटॉपची बॅटरी मागच्या बाजूला असे आणि खिटी सरकवली की हातात येई. पुढे लॅपटॉप पातळ झाले, तशी बॅटरी पोटात गेली. आपण मनगटे टेकतो त्या जागेच्या खाली आणि बऱ्याच लॅपटॉपांत थेट टचपॅडच्या खाली ती आता चपटी होऊन बसलेली असते. ही लिथियम-आयन जातीची बॅटरी. हिच्या संशोधनासाठी २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, इतकी ती मोलाची. पण तिला वय आहे. साधारण तीन-पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिचा दम कमी होतो. आणि उष्णता तिला मुळीच मानवत नाही. खानदेश-विदर्भातला मे महिना, वर पत्रा, लॅपटॉप गादीवर ठेवलेला, त्यामुळे हवेची भोके बुजलेली, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही म्हणून चार्जर रात्रंदिवस लावलेला. बॅटरी लवकर खराब व्हायला आणखी काय पाहिजे?

अशा म्हाताऱ्या बॅटरीतले द्रव रसायन हळूहळू विघटित होते आणि त्याचा वायू बनतो. बाहेर जायला वाट नसते, म्हणून बॅटरीचे पाकीट फुगते. तव्यावरच्या फुलक्यासारखे म्हणा, फक्त हे फुगणे महिनोन्महिने चालते. फुगलेली बॅटरी वर दाबू लागली की पहिल्याने उचलली जाते ती टचपॅडची पाटी, कारण तेथेच आवरण नाजूक असते. म्हणून प्रथम टक् करायला जोर लागू लागतो. मग टक् बंदच होते, किंवा न दाबताच आपोआप होत राहते. मग पाटीची एक कड वर आलेली दिसते.

पाहायचे कसे? लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, आणि सपाट फरशीवर किंवा काचेच्या टेबलावर ठेवून कोपऱ्यांवर हलकेच बोट टेकवावे. डुगडुगतो आहे का? डोळे पाटीच्या पातळीत आणून बाजूने पाहावे. पाटीला फुगवटा आहे का? झाकण पूर्वी नीट मिटत असे, ते आता फटीने उघडे राहते का? खालचे आवरण सांध्यात सुटू लागले आहे का? यांतले एक जरी चिन्ह दिसले तरी पुढचे सर्व उपाय सोडून द्यावेत. तो लॅपटॉप पुन्हा चार्जरला लावू नये. वर आलेली पाटी दाबून बसवू नये. पाकिटातला वायू काढण्यासाठी सुई टोचण्याचा शहाणपणा करणारे लोक असतात. तसे केले की आतले दोन थर एकमेकांना टेकतात, बॅटरी भडकते, आणि त्या आगीचा धूरही विषारी असतो. शाळेत मुले जवळ असतात. लॅपटॉप कागदपत्रांच्या कपाटात न ठेवता, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने, फरशीवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा आणि लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा.

येथे शिक्षकांना एक काळजी असते. "माहिती सगळी आत आहे हो, आधी ती काढून घेतो." हरकत अशी, की त्यासाठी तासभर ते यंत्र चालवावे लागते. माहिती बॅटरीत नसते. ती हार्ड डिस्कवर असते आणि बॅटरी काढल्यावरही तशीच राहते. कारागिराने बॅटरी काढली की पुष्कळ लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात; तेव्हा घ्यावी की पाहिजे ती माहिती. आणि गंमत अशी, की बॅटरी काढताच पाटी आपल्या जागी बसते आणि टचपॅड पूर्वीसारखा चालू लागतो. बिघाड त्याचा नव्हताच. क्वचित पाटी वाकलेली असते, मग मात्र ती बदलावी लागते.

काढलेली बॅटरी उकिरड्यावर फेकू नये, कचऱ्याबरोबर जाळू तर मुळीच नये. केंद्र सरकारने २०२२ साली बॅटरीच्या कचऱ्याबद्दल नियम केले आहेत. त्यांप्रमाणे वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्याकडे देणे हे वापरणाऱ्याचे काम आहे, आणि अशा बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे ही ती बाजारात आणणाऱ्यांची जबाबदारी आहे. कारागिराला विचारा, "जुनीचे काय करता?" त्याचे उत्तर ऐकून माणूस कसा आहे तेही समजते.

बरे, लॅपटॉप सपाट बसतो, फुगवटा नाही, झाकण मिटते. म्हणजे आता पहिल्या तक्रारीकडे निर्धास्तपणे वळता येईल. बाण हलत नाही, किंवा भलतीकडे जातो.

आपल्या तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणून एक जोडगोळी आहे. अमुक असले की तमुक होते, हा अन्वय. अमुक काढले की तमुक होत नाही, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कारण सापडले असे धरायला हरकत नाही. बिघडलेल्या यंत्रापाशी याच्याइतके उपयोगी काही नाही, आणि त्याची अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण काय करतो? सेटिंग बदलतो, पुसतो, बंद करून चालू करतो, चार्जर हलवतो, सगळे पाच मिनिटांत. मग बाण चालू लागला तरी कशाने चालू झाला ते कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा बंद पडला की पुन्हा तीच धावपळ.

बाण अजिबात हलत नसेल तर पहिला संशय एखाद्या बटणावर घ्यावा. पुष्कळ लॅपटॉपांत कीबोर्डच्या सर्वांत वरच्या ओळीत एका बटणावर टचपॅडचे लहानसे चित्र असते. कोपऱ्यातले 'एफएन' बटण धरून ते दाबले की टचपॅड बंद होतो, पुन्हा दाबले की चालू होतो. मुलांच्या हातून, किंवा फडक्याने कीबोर्ड पुसताना, ते दाबले जाते. काही जुन्या एचपी लॅपटॉपांत तर पाटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर दोनदा बोट आपटले की ती झोपी जाते आणि तेथे एक बारीकसा दिवा लागतो. पुन्हा दोनदा आपटले की जागी.

दुसरा संशयित फार मजेदार आहे. वायरलेस माऊस वापरणाऱ्यांचा माऊस कपाटात असतो, पण त्याचा नखाएवढा रिसिव्हर लॅपटॉपच्या कडेला तसाच राहिलेला असतो. विंडोजमध्ये माऊस जोडला असता टचपॅड बंद ठेवण्याची सोय आहे. ती लागू असली, की यंत्राला वाटते माऊस आहे, मग पाटीचे काय काम? रिसिव्हर काढून पाहा. बाण हलला की व्यतिरेक सिद्ध!

सेटिंग पाहायचे तर बाण पाहिजे, आणि बाणच नाही, मग? कीबोर्डवरून सगळे करता येते. विंडोजचे चिन्ह असलेले बटण धरून 'आय' दाबले की सेटिंग्ज उघडतात. टॅबचे बटण, बाणांची चार बटणे आणि एन्टर एवढ्यांवर इकडेतिकडे जाता येते. विंडोज ११ मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' या सदरात आणि विंडोज १० मध्ये 'डिव्हाइसेस' या सदरात टचपॅडचे पान सापडते. तेथला खटका बंद असेल तर स्पेसचे लांब बटण दाबून चालू करावा. हे वर्गात मुलांनाही दाखवण्यासारखे आहे. माऊसवाचून संगणक चालवता येतो हे पाहून त्यांना मोठी मौज वाटते.

बाण उड्या मारत असेल तर आधी हात पाहावेत. ही पाटी विजेच्या फरकावर चालते हे आपण पाहिले. ओला हात, घाम, हाताला लावलेले तेल, कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा, यांनी तिचा हिशेब चुकतो. खडूची पूड आणि तांबडी माती कडेच्या फटीत साचली तरी टक् अडखळते. लॅपटॉप बंद करून मऊ फडके किंचित ओले करावे, पिळून घ्यावे आणि पुसावे. पाणी थेट पाटीवर शिंपडू नये. टंकलेखन करताना बाण उडत असेल तर तळहाताची कड पाटीला लागते आहे असे समजावे; त्यासाठी सेटिंगमध्ये संवेदनशीलता कमी करता येते.

पण आपल्या खेड्यांत एक कारण असे आहे की ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चार्जर लावला की बाण थरथरतो, आणि काढला की शहाण्यासारखा चालतो. हा अनुभव पुष्कळांना असेल. शिवाय धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जर लावून हात टेकवला तर झिणझिण्या येतात. दोन्हींचे मूळ बहुधा एकच: अर्थिंग नाही. चार्जर भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे साधारण १९-२० व्होल्टमध्ये रूपांतर करतो. या कामात थोडी विद्युत् गडबड निर्माण होते. प्लगाला जी तिसरी, जाडी पिन असते तिच्यातून ती जमिनीत जावी अशी योजना असते. आपल्याकडे बोर्डाला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे तार कोठेच गेलेली नसते! किंवा दोन पिनांचे जोड लावून तिसरी पिन कामातून गेलेली असते. मग ती गडबड लॅपटॉपच्या अंगावर तरंगत राहते, आणि बोटाचा सूक्ष्म भार मोजणाऱ्या पाटीला बोट कोणते आणि गडबड कोणती ते उमजत नाही. खात्री करणे सोपे आहे. चार्जर काढावा, पाच मिनिटे काम करावे. लावावा, पुन्हा पाच मिनिटे करावे. मग ज्या घरात अर्थिंग पक्के आहे तेथे नेऊन पाहावे. तेथे बाण सरळ चालला तर लॅपटॉप निर्दोष आहे. तरीही अडला तर चार्जर संशयित. हलक्या प्रतीचे चार्जर हा उपद्रव फार करतात.

याचा उपाय लॅपटॉपच्या दुकानात नाही, वायरमनकडे आहे. शाळेच्या अंगणात मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्यात पाणी घालायची कोणाला आठवण राहत नाही. तेवढ्यानेही काम होते, पण तार तुटली आहे की काय हे वायरमननेच तपासावे. झिणझिण्या येतात म्हणजे थोडीच वीज आहे असे धरून चालू नये, कारण थोडी आणि फार यांतला फरक आपल्या हाताला आधी कळत नाही. एका टचपॅडच्या निमित्ताने शाळेचे अर्थिंग सुधारले तर मी म्हणेन की लॅपटॉपने आपले पैसे फेडले.

एवढे करूनही बाण हलला नाही तर दोष आज्ञावलीत आहे की यंत्रात, हे ठरवावे. विंडोजचे बटण आणि 'एक्स' दाबून नंतर 'एम' दाबले की उपकरणांची यादी उघडते. तिच्यातून टचपॅडची नोंद काढून लॅपटॉप बंद-चालू केला की विंडोज ती पुन्हा नव्याने करते. कधी तेवढ्यानेच भागते. दुसरी परीक्षा अधिक नामी आहे. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याकडून पेन ड्राइव्हवर घालून घ्यावी आणि लॅपटॉप तिच्यावरून सुरू करावा. पडद्यावर 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे विचारले जाते. तेथे 'ट्राय'च निवडावे, नाही तर आतली माहिती पुसली जाण्याचा संभव आहे. तेथे बाण धावला, म्हणजे यंत्र ठणठणीत आणि घोटाळा विंडोजच्या पोटात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवला आहे आणि पुष्कळ जुन्या लॅपटॉपांना विंडोज ११ चालत नाही. अशा लॅपटॉपांना लिनक्स हे कायमचे घरही होऊ शकते. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

लिनक्समध्येही बाण हलला नाही तर बहुधा आतली चपटी पट्टी-केबल सैल झाली असते. लॅपटॉप पडला, किंवा कोणी पडद्याला धरून उचलला, की ती निसटते. एक बारीक खिटी उचलून, पट्टी सरळ बसवून, खिटी पुन्हा मिटायची, एवढेच काम. पण ते बॅटरीची जोडणी सोडवल्यावरच करायचे असते, आणि खिटी नखाच्या जोराने मोडते. ते कारागिराकडूनच करून घ्यावे.

आणि कारागीर तालुक्याला, मुदत मात्र उद्याची, असे असेल तर काही शे रुपयांचा तारेचा माऊस जोडून काम उरकावे. त्यात कमीपणा काही नाही. जुना लॅपटॉप माऊसवर आणखी चार वर्षे सुखाने चालतो. मात्र माऊस जोडण्यापूर्वी ती सपाट फरशीची परीक्षा केलेली असावी. माझ्या पाहण्यात असे आले आहे की पाटी ताठ झाली म्हणून लोक माऊस आणतात, काम चालू होते, पाटीची आठवण कोणाला राहत नाही, आणि खाली बॅटरी फुगतच राहते. धोक्याची पहिली सूचना त्या पाटीने दिलेली असते, आणि माऊसने नेमकी तीच झाकली जाते.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना सोबत एक चिठ्ठी द्यावी. नुसते 'टचपॅड चालत नाही' असे लिहू नये. बाण सरकत नाही की टक् होत नाही. चार्जर काढल्यावर काय होते. बाहेरचा माऊस चालतो का. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये काय झाले. फरशीवर डुगडुगतो का. आणि बॅटरी कोणत्या साली बदलली होती. अशी सहा ओळींची चिठ्ठी असली म्हणजे चांगल्या कारागिराचा वेळ वाचतो, आणि कारागीर तसा नसला तर तो निदान सबंध बोर्डच बदलावा लागेल असे सांगताना जरा विचार करतो.